पटावरचे दोनशे बारा

छे छे, ‘हजेरी’ नव्हे हो, ‘पट’! इथेच सगळे घसरतात. शाळेत ज्या मुलांची नावं दाखल आहेत त्यांची यादी म्हणजे पट, आणि वर्गात प्रत्यक्ष जेवढी डोकी दिसतात ती हजेरी. मूल एकदा पटावर आलं की ते तापाने फणफणलेलं असो, रुसून माळ्यावर बसलेलं असो, पटावर असतंच. पस्तीस वर्षं भाषा शिकवली मी, तेव्हा मला विचारा! पण आमच्या शाळा समितीत शब्दाचा अर्थ सांगू लागलं की लोक चहाच्या कपाकडे बघू लागतात...

तर तुम्हाला सांगतो, एके दिवशी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. ‘आपल्या शाळेचा पट दोनशे बारा, इमारत मोडकळीस आलेली, सबब दहा खोल्यांची दुमजली नवी शाळा मंजूर.’ मुख्याध्यापिका म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. तिने पत्र वाचलं आणि मटकन खालीच बसली. बसेल नाही तर काय करेल? वर्गात मुलं किती? अडतीस! गिरणी बंद पडली, माणसं पोटामागे निघून गेली, जी राहिली त्यांच्या घरात एकेकच पोर. मग हे दोनशे बारा आले कुठून?

आले कारकूनकाकांकडून! शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी नियम घालून दिला होता, की मूल स्वतः येऊन निरोप घेईल तेव्हाच त्याचं नाव कापायचं. काय सुंदर नियम! पण गाव सोडणारी माणसं घाईत असतात हो! सामान टेम्पोत, पोर सामानावर, निरोप घ्यायला सवड कुणाला? दाखला मागाहून टपालाने जायचा आणि नाव इथेच राहायचं. एकशे चौऱ्याहत्तर नावं! काका रोज सकाळी पेन्सिलीला टोक काढून एकशे चौऱ्याहत्तर गैरहजेरीच्या फुल्या मारतात.

“काका,” मी म्हटलं, “अहो, हे काय करून ठेवलंत?”

“मास्तर, त्यांनी पट विचारला, मी पट कळवला. हजेरी विचारली असती तर हजेरी कळवली असती.”

शब्दाला शब्द बरोबर! पट म्हणजे पट!

बैठक बसली ती पाचवीच्या वर्गात, पाचवीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. अध्यक्ष आमचे दूधवाले अण्णा, समितीतल्या शिंपीणबाई, काका, बहीण, मी, आणि नकाशाची भली थोरली सुरळी घेऊन आलेला एक कोवळा अभियंता.

अण्णा म्हणाले, “येऊ द्या की दहा खोल्या! खोल्या झाल्या की पोरं येतील.”

“अण्णा, गोठा मोठा केला म्हणून म्हशी वाढल्या का तुमच्या?” मी म्हटलं.

पण बहीण हळूच म्हणाली, “दादा, खरं कळवलं तर दहा खोल्या जातीलच, पण वरचे म्हणतील, अडतीसच ना? मग पाठवा महामार्गापलीकडच्या शाळेत. पहिलीतली पोरं तो रस्ता कशी ओलांडतील, सांग मला.”

तरी मी ताठ! म्हटलं, “गेलेली नावं आज कापू, खरा पट कळवू आणि तीनच खोल्या मागू. खोट्या पायावर शाळा नको. पट म्हणजे पट!”

हात वर झाले. काका म्हणाले, “कापतो. पण मुकाट्याने नाही कापणार, नाव मोठ्याने वाचून कापेन.”

आणि तिथे घोटाळा! पहिलं नाव वाचलं, तशा शिंपीणबाई कळवळल्या, “अगं बाई, गालावर खळी पडायची ती! तिला नका कापू.” “कापा!” दुसरं वाचलं, अण्णा म्हणाले, “हा येणार हो परत, याचा चुलता इथेच आहे.” “कापा!” मी नुसता कापा, कापा, कापा... आणि ठरावीक नावं गेली की अभियंता खोडरबराने नकाशावरची एक खोली पुसायचा. प्रयोगशाळा गेली, जिना गेला, मग वरचा मजलाच गेला. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. त्याची पहिलीच इमारत होती ती!

काकांनी पान उलटलं आणि थांबले. मग वाचलं. आडनाव माझं. माझाच मुलगा. इयत्ता पाचवी, बावीस वर्षं गैरहजर. चांगल्या मोठ्या शाळेत शिकावा म्हणून मीच त्याला धाडला होता मामाच्या गावी. हो, मीच, या शाळेचा मास्तर! तो रुसला, निरोप न घेताच गेला.

कुणी ‘कापा’ म्हणेना. अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. अभियंत्याचं खोडरबर खाली पडलं, तर ते शोधायला सगळेच एकदम वाकले! बहीण तेवढी म्हणाली, “दादा...?”

आता गावभर काय सांगतात? तुमच्याही कानावर तेच आलं असणार, की मास्तर ताडकन उठले, स्वतःच्या हाताने मुलाच्या नावावर रेघ ओढली, आणि ते पाहून वरच्यांनी शाळा राखली. साफ चूक! एक तर त्या बाकावरून ताडकन उठता येत नाही. दुसरं, मी एवढंच म्हणालो, “काका, पुढचं नाव वाचा.” काकांनी वाचलं. वर पट गेला तो एकोणचाळीस. शाळा राहिली ती महामार्गामुळे. वरच्या कार्यालयातले मोठे साहेब स्वतः तो ओलांडून बघायला गेले आणि पाऊण तास अलीकडेच उभे राहिले. तीन खोल्या झाल्या. तपासणीला येणारे विचारतात, “एक मुलगा कुठे?” काका म्हणतात, “गैरहजर.” खोटं काय आहे त्यात?

परवा शेवटी मुलाला फोन केला. म्हटलं, “बाबा रे, एकदा ये, रीतसर निरोप घेऊन जा, म्हणजे आम्ही सुटलो.”

म्हणाला, “येतो ना बाबा, पण यंदा रजा नाही शिल्लक.”