पहिले तीन दिवस

दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणारी बाई कान टवकारून ऐकत होती. समोर चर्चचं संडे स्कूल चालवणारी मावशी सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारी त्याच स्कूलमध्ये शिकवणारी तिची भाची.

"माणूस घडायला लाखो वर्षं लागली, असं मुलांना सांगितलंस?"

"हो मावशी. देवानेच घडवला, पण सावकाश."

"बायबलात सहा दिवस लिहिलेत. दिवस म्हणजे दिवस. रविवारपासून तुझा वर्ग मी घेणार."

"सूर्य चौथ्या दिवशी झाला ना? मग पहिले तीन दिवस कशावर मोजले?"

"देवाला घड्याळ दाखवू नकोस. अहो बाई, डॉक्टर कधी बोलावणार?"

"पाच मिनिटांत."

"तासाभरापूर्वीही पाचच मिनिटं म्हणाला होतात."

बाईने वहीत डोकं खुपसलं. भाची भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हसली.

"दात काढू नकोस. रविवारी वर्ग तूच घे. माकडापर्यंत मात्र सावकाश ये."