बॅटरी बदला

दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटर घेऊन उभा होतो. माझ्या पुढे एक जोडपं होतं आणि काउंटरवर त्यांचा यूपीएस.

"लाइट गेली की हा कॉम्प्युटरला कळवायचा आणि कॉम्प्युटर नीट बंद व्हायचा. काल एकदम बंद पडला. माझं दिवसभराचं भाषांतर गेलं हो."

"यूएसबी केबल आणलीत का, ताई?"

"ही घ्या," नवऱ्याने खिशातून केबल काढली.

"बघू. अहो काका, माझ्या कॉम्प्युटरला तर लगेच कळलं! 'बॅटरी बदला' म्हणतोय."

"मग घरी का नाही कळलं? अहो, केबल लावलेली होती ना?"

"काढली होती मी."

"काढली?"

"रोज उठून तेच. बॅटरी बदला, बॅटरी बदला. डोक्याला ताप नुसता."

"म्हणून त्याचं तोंडच बंद केलंत?"

"चालत तर होतं सगळं."

"ताई, नवी बॅटरी टाकू ना?"

"टाका. आणि अहो, तुमचा फोन द्या इकडे."

"आता फोन कशाला?"

"तुमच्या छातीच्या तपासणीचं काय झालं, ते दवाखान्यातून कळवणार होते. फोनच आला नाही म्हणालात."

"नाहीच आला. बंद करून ठेवलाय मी तो."

"चालू करा."