रकान्यातलं बहात्तर

हॅलो?… कोण, ठमी? बोल गं. छे, झोपले नव्हते. तुझी मावशी कसली झोपते दुपारची!… उद्या तोंडी परीक्षा ना? विचार, विचार.

हो… औषध देण्याआधी पाच गोष्टी. माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा, मार्ग, वेळ… अगं, नुसती पोपटपंची नको. नाव विचारायचं, हातावरची पट्टी वाचायची. खाटेचा नंबर म्हणजे माणूस नव्हे… हो, हो. पुढे?

डिगॉक्सिन? हृदयाची गोळी. ठोक्याला जोर देते, पण ठोके कमी करते. औषध नि विष यांत अंतर करंगळीएवढं. अंगातून निम्मी जायलाच दीड-दोन दिवस, म्हातारी किडनी असली तर आणखी. मग साठत जाते. म्हणून आधी ठोके मोजायचे. साठच्या खाली असले तर गोळी द्यायची नाही, सिस्टरला सांगायचं…

तुमच्या वॉर्डात आहे एकांना?… बरं… काय म्हणतात आजोबा?

पिवळं?

नाही, हसू नकोस. परत सांग… भिंती पिवळ्या दिसतात. आणि जेवले?… ताट तसंच. मळमळतंय. ठमे, ऐक. ही गोळी साठल्याची खूण आहे. दोनची गोळी दिलीस का?… ट्रेमध्ये आहे. बरं. बरं झालं. ठोके किती होते?

बहात्तर.

मोजलेस?… अगं, लिहिलेस का नाही विचारलं, मोजलेस का?… नाही.

सगळ्याच तसं करतात. ठाऊक आहे मला. जेवायच्या सुट्टीत ठोक्यांचे रकाने भरून ठेवायचे, काल बहात्तर तर आजही बहात्तर, मग गोळ्या वाटत सुटायचं. मला काय सांगतेस?

नाही गं, रागावले नाही. आवाज असाच होतो माझा… अगं ऐक ना. माझ्या वॉर्डात अकरा नंबरला एक मास्तर होते. म्हणाले, सिस्टर, दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय. मी म्हटलं, मास्तर, चष्मा पुसा. आणि गोळी दिली… हो. त्याच संध्याकाळी गेले… अजून दिवा लावला की आधी कडं आहे का बघते मी. घरात. एकटीच… रकान्यात काय लिहिलं होतं ते विचारू नकोस.

विचारलंसच. बहात्तर.

ऊठ आता. जिना चढ, वॉर्डात जा. फोन खिशात ठेव, बंद करू नकोस. मनगट नको, छातीवर स्टेथो लाव. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, हां. माझ्यासमोर भिंतीवर घड्याळ आहे, मीही बघते.

पोचलीस?… आधी नाव विचार… हं. कर सुरू.

…

आहे गं मी. मोज, बोलू नकोस.

…

झालं मिनिट. किती?

बेचाळीस.

गोळी नाही द्यायची. इन्चार्ज सिस्टरना हाक मार, डॉक्टरांना बोलवा म्हणावं, आत्ता… रडायचं नंतर. आजोबांना सांग, मी इथेच आहे म्हणावं… ओरडतील तर ओरडतील! शिव्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत. सगळं सांग, न मोजता लिहिलं होतं तेही.

आणि ते बहात्तर खरडून काढू नकोस. एकच रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा, वेळ, सही.

माझं?… नाही गं. त्यावर रेघ नाही मारली मी. कुणाला सांगितलंच नाही. तसंच आहे ते, खाली माझी सही. तुलाच पहिल्यांदा…

आल्या का सिस्टर? जा, जा तू… हो, ठेव.

हॅलो?… ठमे?

पुसला होता गं त्यांनी चष्मा. मी सांगितलं म्हणून लगेच पुसला होता.