आधीचा अर्धा तास

बसच्या रांगेत माझ्यापुढे बुटांच्या कारखान्यातल्या दोघी उभ्या होत्या. धाकटीच्या हातात समान हक्कांचा अर्ज होता.

“काकू, सगळ्याजणींच्या सह्या झाल्या. तुम्हीच तेवढ्या अडून बसलात.”

“समान म्हणजे सुटीही पुरुषांबरोबरच ना? आत्ता आपल्याला अर्धा तास आधी सोडतात.”

“ते घरी जाऊन चूल सांभाळा म्हणून सोडतात! वर त्याच नावाखाली बढती नाकारतात.”

“नाकारू देत. मी पोचते तेव्हा घरात कुणी नसतं. दाराला आतून कडी घालते, गरम पाण्यात पाय सोडते आणि नुसती बसते. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ माझा असतो गं.”

“अहो, पण मग काकांनीही स्वयंपाकाला हात लावावा की!”

“तुझ्या अर्जात आहे ते?”

“कारखान्याच्या अर्जात ते कसं असेल?”

“मग माझाच अर्धा तास कशाला मागतेस?”

रांग दोन पावलं पुढे सरकली.

“काकू, मी त्या अर्ध्या तासात सगळ्यांसाठी भाजी चिरते.”

“म्हणून तर तू सही केलीस, बाळा.”