पाटीवरचं वाक्य

सिएटलच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेत, माझ्यापुढे भाऊ-बहीण भांडत होते.

“सिग्ने, प्रत्येक कॉम्प्युटर चालतो तुमच्या कंपनीच्या सिस्टीमवर, आणि आता तिच्यात तुमचा फोटो-अल्बमचा प्रोग्रामही फुकट येतो. येऊ दे. पण मी बनवलेला अल्बम तिच्यात का अडकतो?”

“बाहेरच्या प्रोग्रामनं सिस्टीमशी कसं जोडायचं, त्या इंटरफेसचं पुस्तक दिलंय की सगळ्यांना.”

“पुस्तकातल्या दारानं गेलो तर एक फोटो उघडायला मिनिट लागतं. तुमचा अल्बम मागच्या दारानं आत! ते दार पुस्तकात का नाही?”

“हळू बोल, हॅल्वर.”

“का हळू? तुमच्या कंपनीवरच्या मक्तेदारीच्या खटल्यात सोमवारी माझी साक्ष आहे, तिथे ओरडूनच सांगणार. आणि माझा प्रोग्राम लावला की स्क्रीनवर तुमची पाटी येते, ‘यामुळे तुमचा कॉम्प्युटर बिघडू शकतो.’ बिघडला कुणाचा?”

“माझ्या माहितीत कुणाचा नाही.”

“आईनं ती पाटी वाचून माझा अल्बम काढून टाकला. पोटच्या पोराचा! कुठल्या गाढवानं लिहिलं ते वाक्य?”

सिग्ने पर्समध्ये तिकीट शोधू लागली.

“सिग्ने?”

“वरून सांगितलं, लिही. मी लिहिलं.”

रांग पुढे सरकली. तो जागचा हलला नाही.

“आई पलीकडच्या धक्क्यावर आपल्याला न्यायला आली असेल. उतरल्या उतरल्या तिला सांग, ते वाक्य खोटं होतं आणि तू लिहिलंस, माझ्यादेखत. कोर्टाचं मी नंतर बघतो.”