बारा महिन्यांचं औषध

...नाही, तुम्हीच सांगा, वर्षभराचा खर्च असा जेवणाच्या टेबलावर, उष्टी ताटं बाजूला सारून ठरवतात का कुठे? आमच्याकडे ठरवतात! आणि तेही मोठ्याने, सगळ्यांसमोर! कारण आमचे बाबा. उभा जन्म कारखान्याच्या भांडारात गेला, खिळ्यापासून मशीनच्या पट्ट्यापर्यंत सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच मागवायचं... तीच शिस्त घरात! "वर्षाचं कसं, आधीच ठरलेलं बरं!" आणि नियम एकच, ज्याचा खर्च त्यानेच आकडा सांगायचा, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. म्हणजे मुलीने सहलीचा, बायकोने स्वयंपाकघराचा, मी भाडं, वीज आणि माझी ती दुखरी दाढ... दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललेली! यंदा म्हटलं, दाढेचं काम करून घेणार म्हणजे घेणारच!

तर तुम्हाला सांगतो, सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि आलं औषधांचं कलम. बाबांचं. मी पेन धरून बसलोय, बाबा घसा खाकरून म्हणाले, "सहा महिन्यांचं धर."

सहाच का, ते घरात सगळ्यांना ठाऊक! गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, "सहा महिने... फार तर." मी आपला चाचरत म्हटलं, "बाबा, असं कुठे असतं का?" तर माझ्यावरच डाफरले! "रडारड नको. जास्तीचा माल पडून राहतो, पैसा अडकतो. वर्षाचं कसं, आधीच ठरलेलं बरं!" अहो, पण हे? हेसुद्धा आधी ठरवायचं? सहाचा आकडा काही लिहिला नाही मी. खोटं कशाला सांगू, रडूच येत होतं मला.

तेवढ्यात बायकोने माझ्या हातातलं पेन ओढलं. "बारा!"

"सूनबाई, नियम आहे. माझा खर्च, माझा आकडा."

तर ही काय म्हणते? "तुमची इंजेक्शनं फ्रिजमध्ये असतात, बाबा. फ्रिज स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर माझं. बारा!" आणि लिहून मोकळी! नियम दाखवून ज्यांनी भल्याभल्या साहेबांना भांडाराच्या दारातून परत पाठवलं, ते बाबा आ वासून बघताहेत! मुलगी म्हणाली, "आजोबा, माझी सहल राहू दे." आणि मग सगळे बघायला लागले माझ्याकडे... दाढेकडे हो! काय करणार? म्हटलं, दुसऱ्या बाजूने चावतो.

वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! बाबांनी त्या बारावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मग चपला लागतील मला नव्या."

"आता चपला कशाला?"

"आहे त्या जोडीवर सहा महिने निघाले असते रे. बारा नाही निघायचे."

डोळ्यांत पाणी, आणि खाली बेरीज बघतो तर सरळ तुटीत! वर्षाचं म्हणे आधीच ठरलेलं बरं... डोंबल ठरतंय! म्हटलं, "बाबा, घ्यायच्याच तर दोन वर्षं टिकतील अशा घ्या. उधार काढतो मी कुठून तरी."