फोटो मिळणेबाबत

उमरखेडच्या एसटीत डोमाजी जुना कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी बायको नलू. मागच्या बाकावर उज्ज्वलाताईंनी पेपर उघडला, पण कान पुढच्या बाकाकडे लागल्यानं अक्षरही वाचलं नाही.

"पोरीच्या लग्नाचे फोटो फक्त याच्यातच हायेत. काय केलं तुम्ही?" नलूनं विचारलं.

"चालू करताना एक बटन दाबलं. पडदा काळा झाला अन् एक पांढरी रेघ लुकलुकत राह्यली. मले वाटलं, लिवाची वाट पाहून राह्यली. मी लिवलं, फोटो दाखव."

"मंग?"

"अशी आज्ञा नाही म्हणे."

"आज्ञा कायले केली? विनंती कराची!"

"केली ना! पुरा अर्ज लिवला. महोदय, विषय, आपला नम्र, सारं."

"मंग?"

"जितक्या ओळी, तितक्या वेळा नाही म्हणे."

"सही केलती?"

"सही... राह्यलीच."

"मंग कायले देईन तो फोटो!"